उभ्या गाडीचे पेट्रोल

आठ तासांच्या पाळीत अमेरिकेतली पोलिसांची गस्तीची गाडी साधारण 4.9 तास जागची हलत नाही, आणि तेवढा सगळा वेळ तिचे इंजिन चालू असते. फोर्ड कंपनीने 2017 मध्ये पोलिसांसाठी तयार केलेली हायब्रिड सेडान लोकांसमोर आणली, तेव्हा हा आकडा सांगितला होता. गाडी किती पळते यापेक्षा ती किती वेळ उभी असते हे विकणाऱ्याने ठळकपणे मांडावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोलीस, महापालिका, परिवहन मंडळे यांच्या ताफ्यात हायब्रिड गाडी परवडते का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा याच एका आकड्यातून निघते.

पोलिसांची गाडी म्हणजे पाठलाग, ही समजूत सिनेमाने करून दिलेली आहे. प्रत्यक्षातली पाळी वेगळी असते. अपघात झाला की मागून येणाऱ्या वाहनांना सावध करायला छतावरचे दिवे लावून तासभर उभे राहावे लागते. शाळा सुटताना फाटकापाशी थांबावे लागते. रस्त्याच्या कडेला रडार लावून वेग मोजावा लागतो. घटनेचा अहवाल गाडीतच बसून लॅपटॉपवर लिहावा लागतो. या वेळात इंजिन बंद का करत नाहीत, असे आपल्यासारख्या सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या माणसाला वाटेल. पण दिवे, बिनतारी संच, लॅपटॉप, कॅमेरे, रडार या सगळ्यांची वीज त्या गाडीतूनच यायची असते. नेहमीची 12 व्होल्टची बॅटरी हा भार फार वेळ पेलू शकत नाही; ती उतरली आणि नेमक्या त्याच क्षणी बोलावणे आले, तर गाडी सुरूच होणार नाही. उन्हाळ्यात एसी लागतो. मागे प्रशिक्षित कुत्रा बसलेला असेल तर एसी बंद करणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. म्हणून इंजिन चालूच राहते.

अमेरिकेत दीर्घकाळ या कामाची गाडी म्हणजे फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया होती. 4.6 लिटरचे, आठ सिलिंडरचे मोठे इंजिन, मजबूत सांगाडा, कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी. कॅनडातल्या सेंट टॉमस इथल्या कारखान्यातून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया सप्टेंबर 2011 मध्ये बाहेर पडली. या गाडीच्या काळात ताफा सांभाळणाऱ्यांना एक हिशोब पाठ झाला होता. इंजिन तासभर नुसते चालू ठेवले, तर त्याची झीज सुमारे 33 मैल, म्हणजे 53 किलोमीटर चालल्याइतकी धरायची. तेल कधी बदलायचे ते ठरवण्यासाठीचा फोर्डचाच हा ठोकताळा. गाडी दिवसाला दोन पाळ्या करत असेल, तर उभे राहण्याचे तास वर्षाला साडेतीन हजारांच्या वर जातात, आणि या ठोकताळ्याने इंजिनाची झीज मीटरवर न दिसणाऱ्या सुमारे 1 लाख 90 हजार किलोमीटरची होते. मीटर मात्र वर्षाला 32 हजार किलोमीटर दाखवत असतो. पोलिसांच्या गाड्या कमी किलोमीटरमध्ये खिळखिळ्या का होतात, याचे मोठे कारण हे आहे.

हायब्रिड गाडी नेमकी इथे उपयोगी पडते. तिच्यात पेट्रोल इंजिन असते, विजेवर फिरणारी मोटार असते आणि नेहमीच्या बॅटरीपेक्षा बरीच मोठी, जास्त व्होल्टेजची दुसरी बॅटरी असते. ही बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. ब्रेक दाबला की मोटार उलट काम करते, जनित्र होते आणि एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत भरते. कमी पडले तर इंजिन भरते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी ही व्यवस्था आहे: नळ दिवसभर सुरू असले तरी पंप थोडा वेळच चालतो, टाकी भरली की बंद. गाडी उभी असताना दिवे, संच आणि एसी या मोठ्या बॅटरीवर चालतात. बॅटरी एका मर्यादेखाली उतरली की इंजिन आपोआप सुरू होते, काही मिनिटांत ती भरून पुन्हा थांबते. त्या काही मिनिटांत इंजिनावर योग्य भार असल्यामुळे ते कार्यक्षमतेने चालते. नुसते घुरघुरत ठेवलेले इंजिन मात्र फार अकार्यक्षम असते, कारण त्यातले बहुतेक पेट्रोल स्वतःचेच घर्षण भागवण्यात जाते.

टोयोटाने डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये प्रियस आणली, तेव्हापासून बहुतेक हायब्रिड गाड्यांत आणखी एक गोष्ट दिसते: अ‍ॅटकिन्सन पद्धतीचे इंजिन. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात मांडलेली ही कल्पना. इंधन जळाल्यावर वायू जितका प्रसरण पावतो त्यापेक्षा आधीचे आकुंचन कमी ठेवायचे, म्हणजे त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघते. त्यात एक तोटा असा की कमी वेगात इंजिनाला जोर कमी येतो. साध्या गाडीत हे खपले नसते. हायब्रिडमध्ये तो जोर मोटार देते, कारण विजेच्या मोटारीचा जोर शून्य वेगापासूनच भरपूर असतो.

आता 2017 चा हिशोब पाहू. तो फोर्डचा अंदाज आहे, पण उघड मांडलेला असल्याने कोणालाही तपासता येतो. नवी हायब्रिड सेडान फ्यूजन या गाडीवर आधारलेली होती: दोन लिटरचे इंजिन आणि 1.4 किलोवॉट-तासाची लिथियम बॅटरी. तिचे मायलेज लिटरला सुमारे 16 किलोमीटर, तर तेव्हाच्या पोलिसी सेडानचे साडेसात. वर्षाला 32 हजार किलोमीटर धरले, तर चालण्यात सुमारे 2,200 लिटर पेट्रोल वाचते. उभे असताना तासाला सुमारे एक लिटर वाचते. दिवसाला दोन पाळ्या, पाळीला 4.9 तास आणि वर्षाचे 365 दिवस धरले तर ही बचत 3,650 लिटर होते. दोन्ही मिळून 5,800 लिटरांहून थोडे जास्त. गॅलनला अडीच डॉलर या भावाने एका गाडीमागे वर्षाला जवळपास 3,900 डॉलर. मायलेजच्या आकड्याने भारावून जाण्याआधी हे पाहा की या बचतीतला साठ टक्क्यांहून मोठा वाटा गाडी हलत नसताना झालेला आहे. प्रयोगशाळेतले मायलेज रस्त्यावर मिळत नाही हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते, म्हणून चालण्यातल्या बचतीला कात्री लावली, तरीही उभ्या गाडीची बचत हातात राहते.

पेट्रोल वाचवणारी गाडी वेळ आली की पळेल का, ही पोलिसांची खरी भीती होती आणि ती रास्त होती. अमेरिकेत याचे उत्तर जाहिरातीवर सोडलेले नाही. मिशिगन राज्याचे पोलीस आणि लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ खाते दरवर्षी नव्या पोलिसी गाड्यांच्या चाचण्या घेतात. मिशिगनच्या चाचणीत गाडी किती लवकर वेग घेते, किती अंतरात थांबते, सर्वाधिक वेग किती गाठते आणि वळणावळणाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर फेऱ्यांवर फेऱ्या मारताना तिचे ब्रेक आणि इंजिन टिकतात का, हे मोजतात. आत बसणाऱ्याला बंदुकीचा पट्टा लावून नीट बसता-उतरता येते का, संच आणि कळा हाताशी आहेत का, हेही पाहतात. पाठलागासाठी योग्य हा शिक्का मिळवायचा तर फुटपाथच्या कडेवरून गाडी उडवण्याची आणि पाणी साचलेल्या चौकातून नेण्याची परीक्षाही द्यावी लागते. फ्यूजनवरची सेडान हा शिक्का मिळवणारी पहिली हायब्रिड ठरली. पण अमेरिकेतली गिऱ्हाइके सेडानकडून उंच गाड्यांकडे वळली होती; 2020 मध्ये तिथे फ्यूजनचेच उत्पादन थांबले.

तिची जागा 2020 च्या मॉडेलपासून एक्सप्लोररवर आधारलेल्या पोलिसी एसयूव्हीने घेतली. 3.3 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि मोटार मिळून 318 अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, मिशिगनच्या चाचणीत ताशी सुमारे 220 किलोमीटरचा वेग. मायलेज लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास. आधीच्या पिढीतल्या गाडीचे सातच्या आसपास होते. मला महत्त्वाची वाटते ती बॅटरीची जागा. आधीच्या हायब्रिड गाड्यांत बॅटरी मागच्या सीटपाशी किंवा डिकीत असे आणि पोलिसांच्या डिकीत सुईला जागा नसते: अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी, रस्ता अडवण्याचे सामान, शस्त्रांची पेटी. नव्या गाडीत बॅटरी फरशीखाली गेली आणि द्रवाने थंड ठेवली जाऊ लागली. आधीच्या काही गाड्यांत बॅटरी गार ठेवणारी हवा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून ओढली जाते; टॅक्सीत किंवा पोलिसांच्या गाडीत, जिथे मागे सतत कोणी ना कोणी बसलेले असते, तिथे ती जाळी धूळ आणि केसांनी तुंबते आणि बॅटरी तापते. कंपनीच्या माहितीपत्रकात असे बारकावे सापडत नाहीत; ते गॅरेजमध्ये कळतात.

बॅटरी टिकते का, या शंकेला टॅक्सीवाल्यांनी पोलिसांच्या कितीतरी आधी उत्तर दिले. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पहिल्या पिढीची एक प्रियस टॅक्सी म्हणून तीन लाख किलोमीटरहून जास्त चालली आणि कंपनीने ती अभ्यासासाठी परत घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर 2005 पासून फोर्ड एस्केप हायब्रिड टॅक्सी म्हणून धावू लागल्या आणि त्यांतल्या काहींनी त्याच बॅटरीवर साडेचार लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला. ब्रेकचे पॅडही जास्त दिवस टिकू लागले, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटार करत होती.

न्यूयॉर्कची गोष्ट मात्र वेगळ्या कारणाने सांगायला हवी. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी मे 2007 मध्ये जाहीर केले की शहरातल्या तेरा हजारांच्या घरातल्या सर्व पिवळ्या टॅक्सी 2012 पर्यंत हायब्रिड होतील. टॅक्सीमालकांच्या संघटनेने न्यायालय गाठले. त्यांचा एक मुद्दा असा की या गाड्या टॅक्सीसाठी बनवलेल्याच नाहीत, त्यांत चालक आणि प्रवासी यांच्यामधला पडदा बसवला की जागा आणि सुरक्षितता दोन्ही जातात. निकाल लागला तो मात्र दुसऱ्या मुद्द्यावर: गाडीने किती मायलेज द्यावे हे ठरवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा, शहराचा नाही. 2008 च्या ऑक्टोबरअखेर स्थगिती आली. मग शहराने आडवाट धरली. हायब्रिड टॅक्सी भाड्याने देणाऱ्या मालकाला जास्त भाडे घेऊ द्यायचे, क्राउन व्हिक्टोरिया देणाऱ्याचे कमी करायचे. न्यायालयाने तीही अडवली आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

भाड्याचा हा मार्ग शहराने का निवडला ते समजून घेतले की ताफ्यांच्या अर्थशास्त्राचे मूळ सापडते. न्यूयॉर्कमध्ये मोठे मालक गाडी विकत घेतात आणि पाळीच्या हिशोबाने चालकाला भाड्याने देतात. पेट्रोल चालक भरतो. मग महाग हायब्रिड घेण्यात मालकाचा काय फायदा? वाचलेले पैसे चालकाच्या खिशात, वाढलेला खर्च मालकाच्या माथी. ज्यांची गाडी स्वतःची होती, ते चालक कोणत्याही सक्तीशिवाय हायब्रिडकडे वळले. 2008 मध्ये पेट्रोल भडकले तेव्हा तर हे वळणे आणखी वाढले.

सरकारी कार्यालयात हीच फूट कागदावर पडते. आपल्याकडे महाराष्ट्राच्या अंदाजपत्रकात ‘मोटार वाहने’ हे एक उद्दिष्ट आणि ‘पेट्रोल, तेल, वंगण’ हे दुसरे. गाडी खरेदी करणारा अधिकारी पहिल्या शीर्षातले पैसे वाचवतो, म्हणजे एल-वन, सर्वांत कमी किमतीची निविदा पाहतो. इंधनाची देयके दुसरा कोणी, पुढची पंधरा वर्षे मंजूर करत राहतो. दोघेही आपापले काम चोख करतात आणि खाते तोट्यात जाते. खरेदीच्या किमतीत आयुष्यभराचे इंधन आणि देखभाल मिळवून तुलना करायची पद्धत निविदेत नसेल, तर तिथे हायब्रिड गाडी कधीच जिंकणार नाही, मग ती कितीही उपयोगाची असो.

बसगाड्यांचा अनुभव पोलिसांपेक्षा जुना आहे आणि जास्त कडूगोड आहे. अमेरिकेतल्या सिएटलच्या किंग काउंटी मेट्रोने 2004 मध्ये 18 मीटर लांबीच्या दोनशेहून जास्त जोडबसगाड्या हायब्रिड घेतल्या. त्यामागे खास कारण होते. शहराच्या मध्यभागाखाली बससाठी भुयार होते, आणि तिथे धूर चालत नसल्यामुळे इटालियन बनावटीच्या, भुयारात विजेच्या तारांवर आणि बाहेर डिझेलवर चालणाऱ्या बसगाड्या वापरत. त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. हायब्रिड बस भुयारात शिरताना इंजिनाचा आवाज आणि धूर कमी करणारी खास पद्धत वापरू शकत होती. अमेरिकेच्या ऊर्जा प्रयोगशाळेने त्याच काळातल्या, त्याच बांधणीच्या डिझेल बसगाड्यांशी या बसची तुलना केली आणि हायब्रिडचे मायलेज 27 टक्के जास्त निघाले. माझ्या मते हा अभ्यास आदर्श आहे, कारण जुन्या गाडीशी नव्या गाडीची तुलना करून बचत फुगवण्याचा मोह त्यात टाळलेला आहे. नवी गाडी जुन्यापेक्षा तशीही चांगलीच असते.

न्यूयॉर्कमध्येही शेकडो हायब्रिड बसगाड्या आल्या, त्या मात्र वेगळ्या रचनेच्या. त्यांत डिझेल इंजिन चाकांना जोडलेलेच नसे. ते फक्त वीज तयार करी आणि मोटार चाके फिरवी. मॅनहॅटनच्या रांगत चालणाऱ्या रहदारीत, दर दोनशे मीटरला थांबणाऱ्या मार्गावर ही रचना उत्तम. पण बस सलग वेगाने धावू लागली की ब्रेकमधून मिळणारी ऊर्जा उरत नाही, आणि डिझेलपासून वीज, विजेपासून पुन्हा गती या दुहेरी रूपांतरात नुकसान होते. 2013 मध्ये तिथल्या यंत्रणेने काही जुन्या हायब्रिड बसगाड्यांतली मोटार काढून साधे डिझेल इंजिन बसवायचे ठरवले. लंडनमध्ये 2012 मध्ये मोठ्या थाटात आलेल्या नव्या रूटमास्टर बसगाड्यांचे दुखणे निराळे. पहिल्या खेपेतल्या अनेक बसगाड्यांच्या बॅटऱ्या 2015 मध्ये बिघडल्या आणि वॉरंटीखाली बदलाव्या लागल्या. तोवर त्या फक्त डिझेलवर चालत होत्या. हायब्रिडमधले इंजिन मुद्दाम लहान ठेवलेले असते. बॅटरी मेली की त्या लहान इंजिनाला सगळा भार ओढावा लागतो आणि फायदा उलटा होतो.

मुंबईनेही हा प्रयोग केला. मार्च 2018 मध्ये एमएमआरडीएने वांद्रे-कुर्ला संकुलाच्या प्रवाशांसाठी टाटा मोटर्सच्या 25 वातानुकूलित हायब्रिड बसगाड्या आणल्या आणि चालवायला बेस्टकडे दिल्या. पण लगोलग काळ पालटला. पुढच्याच वर्षी पुण्यात पीएमपीएमएलने पूर्ण विजेवरच्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या. शहरी बसबाबत मला हे योग्य वाटते. बसचा मार्ग ठरलेला, दिवसाचे किलोमीटर ठरलेले, रात्री ती आगारात उभी राहणार हेही ठरलेले. अशा गाडीला इंजिन कशाला हवे?

पोलिसांच्या गाडीचे काहीच ठरलेले नसते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहराच्या पोलिसांकडे टेस्लाची पूर्ण विजेवरची गाडी होती. सप्टेंबर 2019 मध्ये एका पाठलागात ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वर गेली आणि बॅटरीत फक्त काही मैलांपुरती वीज उरल्याचे अधिकाऱ्याला संचावर कळवावे लागले. त्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी गाडी पूर्ण चार्ज झालेली नव्हती, इतकाच दोष. पण पाळ्या एकाला लागून एक असतील, एकच गाडी चोवीस तास राबत असेल, तर पूर्ण चार्ज व्हायला तिला वेळ मिळणार कधी? हायब्रिड गाडी पाच मिनिटांत पेट्रोल भरून पुन्हा निघते. म्हणून गस्तीच्या कामासाठी, निदान पुढची काही वर्षे, मी हायब्रिडच्या बाजूने आहे.

आपल्याकडे या बाजूने बोलणे सोपे राहिलेले नाही, आणि त्याला काही अंशी ‘हायब्रिड’ या पाटीचा गैरवापर कारणीभूत आहे. एप्रिल 2015 मध्ये केंद्राने फेम योजना सुरू केली, तेव्हा मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगा यांच्या सौम्य हायब्रिड प्रकारांनाही अनुदान मिळू लागले. या गाड्यांत लहान बॅटरी असते; सिग्नलला इंजिन बंद होते, निघताना थोडा हातभार लागतो, पण गाडी नुसत्या विजेवर चालत नाही आणि उभ्या गाडीचा एसीही तिच्यावर चालत नाही. सरकारने एप्रिल 2017 पासून सौम्य हायब्रिडना योजनेतून वगळले ते बरोबरच केले. मात्र त्याच वर्षी आलेल्या जीएसटीत पूर्ण हायब्रिडवरही अधिभारासह 43 टक्के कर बसला, विजेच्या गाडीवर पुढे 5 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून अधिभार गेला, तरी चार मीटरहून लांब हायब्रिडवर 40 टक्के आहेच. महाराष्ट्र सरकारने जानेवारी 2022 पासून नवी सरकारी वाहने विजेवरचीच घ्यायची असे ठरवले. मंत्रालय ते निवासस्थान अशा फेऱ्यांसाठी हा निर्णय चांगला. पण पीटर मोबाइलला, म्हणजे पोलीस ठाण्याच्या गस्तीच्या गाडीला, तो तसाच लावता येणार नाही.

गणेशोत्सवात विसर्जनाच्या बंदोबस्ताला लागलेली पोलिसांची गाडी आठवा, किंवा रात्रीच्या नाकाबंदीवरची. अमेरिकेतला 4.9 तासांचा आकडा इथे जसाच्या तसा लागू होतो असे मी म्हणणार नाही. आपल्या गाडीत उपकरणे कमी, आणि बरेच चालक थांबले की इंजिन बंद करतात. पण मे महिन्यात, चिलखती जाकीट घालून गाडीत बसलेल्या शिपायाने एसी बंद ठेवावा, अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. गाडीचे प्रमाणित मायलेज पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर चाके फिरवून, ठरलेल्या वीसेक मिनिटांच्या चक्रात मोजलेले असते. त्या चक्रात एसी लावून रात्रभर उभे राहणे येत नाही. त्यामुळे ग्रँड विटाराच्या पूर्ण हायब्रिडचे लिटरला 27.97 किलोमीटर किंवा दुसऱ्या एखाद्या गाडीचे आणखी काही, या आकड्यांवरून पोलीस ठाण्याच्या गाडीबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

ज्याची गरज आहे ती नोंद अगदी साधी आहे. आपल्या लॉगबुकात सहसा सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर असतात, भरलेले लिटर असतात; इंजिन किती तास चालले याचा रकाना नसतो. ताफ्यातल्या काही गाड्यांना तासांचा मीटर लावून तीन महिने नोंद ठेवली, तर कोणती गाडी कुठे शोभते ते आपोआप दिसेल. ज्या गाड्यांचे तास भरपूर आणि किलोमीटर कमी, म्हणजे शहरातली गस्त, बंदोबस्त, वाहतूक शाखा, तिथे हायब्रिड आधी द्यावी. समृद्धी महामार्गावर किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सलग वेगाने फिरणाऱ्या महामार्ग पोलिसांना तिचा लाभ फार थोडा. गडचिरोलीत कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला तर दणकट डिझेल जीपच हवी.

शिवाय बॅटरीसाठी पैसे वेगळे काढावे लागतील, आणि याबाबत अमेरिकेचे अनुकरण करून चालणार नाही. तिथे पोलिसांची गाडी बहुधा पाच-सहा वर्षांत बदलतात. हायब्रिडच्या भागांची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैल, म्हणजे बॅटरीचा खर्च पोलिसांवर सहसा येत नाही, गाडी लिलावात घेणाऱ्यावर येतो. आपल्याकडे 2023 पासून सरकारी गाडी पंधरा वर्षांनी मोडीत काढणे सक्तीचे झाले आहे, आणि तोवर ती वापरण्याची रीत आहे. टोयोटासारख्या कंपन्या इथे बॅटरीला आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची हमी देतात. म्हणजे पंधरा वर्षांत एकदा नवी बॅटरी बसवावी लागेल असे धरूनच गाडीची मंजुरी काढली पाहिजे. नाहीतर नवव्या-दहाव्या वर्षी बॅटरीचे काही लाखांचे अंदाजपत्रक मोटार परिवहन विभागातून वर जाईल, मंजुरीला वर्ष लागेल आणि इंजिन धडधाकट असलेली गाडी मुख्यालयाच्या आवारात उभी राहील. त्याच मंजुरीत कार्यशाळेतल्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे पैसेही हवेत. हायब्रिडमधल्या नारिंगी वेष्टनाच्या केबलमधून शेकडो व्होल्टची वीज जाते, आणि ती उघडण्याआधी विद्युतरोधक हातमोजे घालून, मुख्य जोडणी तोडून थोडा वेळ थांबावे लागते, हे ठाऊक नसलेल्या मिस्त्रीच्या हाती अशी गाडी देता येत नाही.